ताई, गाठोडं बांधायला तुम्ही शिकवलंत

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे तुमच्या घरी येऊन सांगता आलं असतं. पण मी बोलायला लागलो की तुम्ही "राहू द्या हो सर" म्हणून चहाचं आधण ठेवता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून चारचौघांत लिहितो आहे. आपल्या धुळे जिल्ह्यातल्या साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातल्याच काय, नवापूर-धडगावकडच्या शिक्षकांनाही यातलं काही उपयोगी पडलं तर तुमचंच काम पुढे जाईल.

सप्टेंबर म्हणजे पोषण महिना. दरवर्षी आम्ही तक्ते लावतो, घोषवाक्यं म्हणतो, कडधान्यांची रांगोळी काढतो. यंदा सहावी-सातवीच्या मुलांना एक खेळ द्यायचा मी ठरवलं होतं. विमान कोसळलं, तुम्ही निर्जन बेटावर अडकलात, पंधरा वस्तूंपैकी पाच निवडा आणि जगून दाखवा. दोन रात्री बसून चिठ्ठ्या केल्या, गुण ठरवले. तुमच्याकडे आलो होतो तो फक्त, अंगणवाडीत असताना तुम्ही ज्यावर बाळांचं वजन करायचात तो जुना टांगता काटा मागायला.

तुम्ही कागद शेवटपर्यंत वाचलात, चष्मा काढलात आणि म्हणालात, "सर, या पोरेसले बेट कसाले? दिवाळी झायी का निम्मा वर्ग कोयतावर जास."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. दिवाळीनंतर हजेरीपटावर ज्या नावांपुढे ओळीने गैरहजेरी लागते, ती माझ्याच हाताने लागते. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली ही मुलं होळीच्या सुमाराला परततात. पण हजेरीचा कागद आणि खेळाचा कागद शेजारी शेजारी ठेवून बघायचं मला सुचलं नव्हतं. ते तुम्ही एका वाक्यात केलंत.

मग तुमच्या ओट्यावर बसून खेळ नव्याने मांडला. पाच माणसांचं घर, तीन दिवस, दुकान नाही, वीज नाही, आणि गाठोड्याचं वजन दहा किलोच्या आत. माझ्या कागदावर शेवटी 'सर्वांत कमी गुण, गट बाद' असं होतं. ते तुम्ही पेनाने खोडलंत. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही दहा वर्षांच्या होतात. घरात जेवढं होतं तेवढ्यात सगळ्यांचं भागवायचं असायचं, कोणी बाद होत नसायचं, असं म्हणालात. म्हणून नियम बदलला. ज्या गटाला कमी पडेल त्याला शेजारच्या गटाकडून एक वस्तू मागता येईल, मात्र बदल्यात दुसरी द्यावी लागेल. पुढे सगळ्यात जास्त बोलणं याच अदलाबदलीत झालं. तेल देऊन डाळ घेताना मुलं जी घासाघीस करत होती, तेवढं गणित मी फळ्यावर कधी करून घेऊ शकलो नव्हतो.

खेळाच्या दिवशी तुम्ही काटा निंबाच्या फांदीला बांधलात. ज्या काट्याच्या झोळीत यातली निम्मी मुलं तान्ही असताना लोंबकळली, त्याच काट्याला आता त्यांची गाठोडी लागत होती. सुरुवातीला तुम्ही सुकडीची गोष्ट सांगितलीत. आई-बाप खडी फोडायला गेले की कामावर पीठ, गूळ आणि तेलाची सुकडी मिळायची, ती ओच्यात बांधून घरी आणायची, आणि तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी थापताना कशी तुटायची. पोरं एरवी गोष्टीत चुळबुळ करतात. त्या दिवशी एकानं फक्त विचारलं, "ताई, सुकडी गोड होती का?" तुम्ही डोळे मिटून "खूप" म्हणालात.

पहिल्या फेरीत अपेक्षेप्रमाणे वेफर्सचे पुडे, नूडल्स आणि बिस्किटं आली. मी लगेच रागवायच्या बेतात होतो. तुम्ही मला थांबवलंत आणि मुलांनाच विचारलंत, नूडल्स शिजवायला पाणी किती लागेल, वेफर्स खाल्ल्यावर तहान किती लागेल. तिथून गाडी पाण्यावर आली. उन्हात माणशी तीन लिटर धरलं तरी पाच माणसांना तीन दिवसांचे पंचेचाळीस लिटर, म्हणजे पंचेचाळीस किलो. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. पाणी गाठोड्यात मावत नाही, ते वाटेत मिळवावं लागतं आणि पिण्याजोगं करावं लागतं, हे त्यांचं त्यांनाच उमगलं. सुती लुगड्याच्या चौपदरी घडीनं गाळ अडतो, पण जंतू मारायला खळखळून उकळीच हवी, हे तुम्ही करून दाखवलंत. जुलाब लागले तर काय, तेही तिथेच झालं: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि शिगोशीग भरायचा नाही. तुम्ही बोटाने चमचा सपाट केलात तेव्हा पुढच्या रांगेतल्या सगळ्यांची बोटं हवेत तशीच फिरली.

मग खाण्याचा हिशेब. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 2,000 कॅलरी धरल्या तर पाच जणांना तीन दिवसांच्या 30,000. ज्वारीच्या सहा किलो पिठाच्या 20,000 च्या वर होतात. दीड किलो डाळीच्या सुमारे 5,000, अर्धा किलो शेंगदाण्यांच्या 2,800, पाव किलोहून थोड्या जास्त गुळाच्या हजारेक. वजन आठ-सव्वाआठ किलो, आणि आकडा तीस हजारांच्या जवळ. उरलेल्या वजनात मीठ, तिखट, कांदे, आगपेटी. तेलाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत एक किलो पिठापेक्षा जास्त ऊर्जा असते, कारण स्निग्धाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी आणि पिठुळ पदार्थाच्या एका ग्रॅमला चार. हे पुस्तकात आहेच. पण बाटली एका हातात आणि पिठाची पिशवी दुसऱ्या हातात धरल्यावर ते वेगळंच कळतं.

माझा एक प्रश्न तुम्ही असा सोडवलात की मी तो आता दरवर्षी तसाच शिकवणार आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळींत मिथिओनिन हे दुसरं कमी. दोन्ही एकत्र खाल्ली की एकमेकींची उणीव भरून निघते. हे मी फळ्यावर लिहीत होतो. तुम्ही शांतपणे विचारलंत, "कळणानी भाकर कोणी खाधी आज?" अठरा हात वर झाले. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेलं कळणं. खानदेशातल्या आयांनी ते कधीपासून जात्यावर घातलंय देव जाणे, आणि मी त्याला कोऱ्या फळ्यावर नावं देत बसलो होतो. नागलीचं, म्हणजे नाचणीचंही तसंच. शंभर ग्रॅम नागलीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. आमच्या डोंगरकडच्या मुलांना नागलीची भाकर डब्यात आणायला लाज वाटायची. त्या दिवशीनंतर तिघी-चौघी ती उघडून बसायला लागल्या आहेत.

रानभाज्यांच्या चिठ्ठ्या मात्र तुम्ही खेळातून काढूनच टाकल्यात. मला वाईट वाटलं होतं, कारण कर्टुली, कुरडू, तरोटा, घोळ हे सगळं भर पावसात शाळेच्या मागेच होतं. तुमचं कारण पक्कं होतं: चिठ्ठीवर नाव वाचून मूल रानात जाईल आणि भलतंच तोंडात घालेल. काही कंद उकळून, वाहत्या पाण्यात ठेवूनच खाता येतात आणि ते ज्यांना माहीत आहे त्यांनीच खायचे. त्याऐवजी तुम्ही मुलांना बांधावर नेलंत, प्रत्येक पान हातात दिलंत, चुरगळून वास घ्यायला लावलात, आणि मोठं माणूस सोबत असल्याशिवाय तोडायचं नाही हे सगळ्यांकडून वदवून घेतलंत.

आता ती मुलगी. तिचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. वर्गात तिचा आवाज मी वर्षभरात मोजून चार-पाच वेळा ऐकला असेल. बाकीचे गट भांडत असताना तिनं पाचच मिनिटांत गाठोडं बांधलं. पीठ तळाशी, डाळ फडक्यात, मिठाची पुडी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत, आगपेटी पिठाच्या आत खोल, "म्हणजे दव लागत नाही." काटा नऊ किलोवर थांबला. कोणीतरी विचारलं, तुला कसं येतं? ती म्हणाली, दरवर्षी मीच बांधते, आई भावाला घेऊन असते. उरलेला तास तीच शिकवत होती आणि मी खाली बसलो होतो.

जाताना तुम्ही लहान मुलांचं कुपोषण ओळखायची दंडघेराची पट्टी तिच्या हातात ठेवलीत. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलासाठी: साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. पट्टी आवळायची नाही आणि सैलही सोडायची नाही, हे तुम्ही तिच्या भावाच्या दंडावर तीनदा करून घेतलंत.

दिवाळीनंतर ते सगळे गेले. यंदा तिच्या आईने गाठोड्यात शेंगदाणे आणि गूळ वाढवला, हे मला गाडीत सामान चढवताना तिनेच सांगितलं. गेल्या आठवड्यात कोणाच्या तरी फोनवरून तिचा फोन आला. मागे ऊस तोडल्याचा आवाज येत होता. "सर, बारा पॉइंट तीन. ताईंना विचारा काय करू." मी लगेच तुम्हाला फोन लावला, आणि तुम्ही सांगितलेलं शब्दाला शब्द तिला कळवलं: दिवसातून चार-पाचदा थोडं थोडं, वरणात तेलाची धार, शेंगदाण्याचा कूट गुळात, आणि तिथल्या अंगणवाडीत उद्याच्या उद्या नाव घालायचं. काल परत फोन आला. नाव घातलंय.

ताई, तुम्ही निवृत्त झालात तेव्हा निरोपसमारंभाला मी सुद्धा शाल आणि नारळ घेऊन आलो होतो. त्या दिवशी तुमच्याकडे काय आहे हे मला कळलेलं नव्हतं. आज कळतंय, म्हणून मनापासून आभार मानतो.

काटा अजून शाळेतच आहे, घासूनपुसून ठेवलाय. होळीला ती मंडळी परततील, तेव्हा निंबाला पुन्हा बांधू. तुम्ही याल ना?

तुमचा,
शाळेतला सर