नॅशव्हिलच्या ग्रंथपालबाईंना, नागपूरहून

आदरणीय बाई,
सप्रेम जयभीम.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. मुलगा तुम्हाला त्यातलं इंग्रजीत सांगेल. पण तुम्ही मला काय दिलंत ते आधी इथल्या माणसांना कळावं, म्हणून मराठीतच आणि जाहीरपणे लिहितेय.

जुलैत मी मुलाकडे अमेरिकेत होते. तुमच्या नॅशव्हिलच्या वाचनालयात शिरले ती वाचायला नव्हे, गारव्याला. मुलगा सकाळीच कामावर जायचा, घरात करमत नव्हतं आणि बाहेर ऊन आपल्या नागपूरसारखंच. दुसऱ्या मजल्यावर नागरी हक्कांचं दालन लागलं. तिथे हॉटेलात असतो तसा गोल काउंटर आणि भोवती स्टुलं. पाय दुखत होते, बसले. तुम्ही जवळ आलात तेव्हा वाटलं, आता उठवणार. तर तुम्ही गाव विचारलंत. नागपूर म्हटल्यावर अमेरिकेत लोक नुसते हसतात. तुम्ही म्हणालात, "मग तुम्हाला लॉसन ठाऊक असतीलच!"

नव्हते हो ठाऊक. मी हिस्लॉप कॉलेजची विद्यार्थिनी, तीन वर्षं त्याच आवारात वावरलेली, पण कधी कुणाला विचारलंच नव्हतं की इथे आधी कोण येऊन गेलं. तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि माझ्याच गावची गोष्ट मला सांगितलीत. कोरियाच्या युद्धासाठी सैन्यात नाव नोंदवायला नकार दिला म्हणून तेरा महिने तुरुंगात काढलेला हा जेम्स लॉसन नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण 1953 मध्ये नागपूरला आला, हिस्लॉपमध्ये मुलांना खेळ शिकवू लागला. 1955 च्या डिसेंबरात 'नागपूर टाइम्स'मध्ये त्याने माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची बातमी वाचली: अलाबामातल्या त्या शहरात काळ्या लोकांनी वर्णभेद पाळणाऱ्या बसमध्ये चढणंच सोडलं होतं. पुढे अमेरिकेत परतल्यावर मार्टिन लूथर किंग यांनी त्याला दक्षिणेत येण्याचा आग्रह केला, आणि तो तुमच्या गावी आला.

माझ्या डोक्यात आंदोलन म्हणजे घोषणा, मोर्चा, संताप. तुम्ही मला तालीम दाखवलीत. तेव्हा तुमच्या गावातल्या दुकानांत खाण्याच्या काउंटरवर काळ्यांना वाढत नसत. ते मोडायची तयारी म्हणून लॉसन यांच्याकडे एका चर्चमध्ये कॉलेजची मुलं जमायची. काही जण काउंटरवर बसल्यासारखे बसायचे, बाकीचे त्यांना शिव्या द्यायचे, केस ओढायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचे, स्टुलावरून खाली पाडायचे. मारणारेही आपलेच. कुणाला राग आवरतो, कुणाला नाही, हे तिथेच कळायचं. ज्याला नाही आवरत त्याला बाहेरचं दुसरं काम. फिस्क विद्यापीठातली शिकागोहून आलेली डायान नॅश आधी साशंक होती, आणि पुढे तीच पुढारी झाली. त्याच तालमीतला जॉन लुईस तर अलाबामातल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा.

13 फेब्रुवारी 1960 ला शंभरावर मुलं गावातल्या तीन दुकानांत गेली, बसली, खाणं मागितलं. मिळालं नाही, तरी बसून राहिली, पुस्तकं उघडून अभ्यास करत. 27 तारखेला गुंडांनी मारहाण केली. पकडलं मात्र मार खाणाऱ्यांना. पन्नास डॉलर दंड भरला असता तर सुटका होती. मुलांनी तुरुंग पत्करला. लॉसनना त्यांच्या विद्यापीठाने काढून टाकलं. (पुढे त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मानाने शिकवायला बोलावलं, हे सांगताना तुम्ही भुवई उंचावलीत, ती विसरले नाही.) गावच्या बायकांनी ईस्टरची खरेदी थांबवली. 19 एप्रिलला मुलांचा खटला लढणाऱ्या लूबी वकिलांच्या घरावर बॉम्ब पडला, तेव्हा हजारो माणसं एक शब्द न बोलता महापौरांच्या दारी चालत गेली. पायऱ्यांवर नॅशने महापौरांना तोंडावर विचारलं, रंगावरून माणसात भेद करणं चूक आहे की नाही? त्यांना हो म्हणावं लागलं. 10 मेपासून त्या काउंटरांवर सगळ्यांना वाढू लागले.

त्या काउंटरवर कोरलेले दहा नियम मी बोट ठेवून वाचले. उलट मारू नका, शिवी देऊ नका. ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. दार अडवू नका. दहाव्यात येशू, गांधी आणि किंग यांची शिकवण आठवा, असं होतं. मी थांबले. आमच्या घरात गांधींचं नाव निघालं की वाद ठरलेला. हे मी माझ्या मोडक्या इंग्रजीत तुम्हाला सांगून टाकलं. पाहुणी म्हणून तुम्ही गोड हसून विषय बदलू शकला असता. तुम्ही विचारलंत, "मग तुमच्याकडे कोण?"

मग मी महाड सांगितलं. 20 मार्च 1927. नगरपालिकेने तळं ठरावात सर्वांना खुलं केलेलं, पण आमच्या माणसांना तिथलं पाणी बंदच. बाबासाहेब आणि त्यांच्यामागे हजारो माणसं तळ्यावर गेली, ओंजळीने पाणी प्यायली. आणि त्याबद्दल मार खाल्ला. तुम्ही चिठ्ठीवर 'चवदार' लिहून घेतलंत, अक्षर अक्षर विचारून. पाण्याला चव कशी, हे समजावताना माझी जी धांदल उडाली, बाप्पा!

दुसऱ्या दिवशी मी परत आले तर टेबलावर तुम्ही माझ्यासाठी पुस्तकं काढून ठेवली होती, आणि 1961 च्या स्वातंत्र्य प्रवासाचे, म्हणजे बसमधला वर्णभेद मोडायला काळ्या-गोऱ्यांनी मिळून केलेल्या प्रवासाचे फोटोही. त्या बसमध्ये चढण्याआधी काही विद्यार्थ्यांनी मृत्युपत्रं लिहिली होती. माझा मुलगा त्याच वयात असताना मी त्याला मोर्चाला जाऊ दिलं नव्हतं, परीक्षा आहे म्हणून. ते तुम्हाला बोलले नव्हते, आज लिहितेय. पुढचे बारा दिवस तुम्ही रोज काही ना काही शोधून दिलंत, न समजलेली वाक्यं हळू बोलून पुन्हा सांगितलीत, आणि एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत.

लॉसन 2024 च्या जूनमध्ये गेले. त्यांचे आभार मानायला मला उशीर झाला, म्हणून तुमचे मानते.

परत आल्यावर मी हिस्लॉपच्या मैदानावर जाऊन आले. पोरं फुटबॉल खेळत होती. फोटो सोबत ठेवलाय. जरा हलला आहे, कारण चेंडू माझ्याच अंगावर येत होता.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची नागपूरची बाई