पाटी शेवटी लावा, आधी पाण्याची सोय करा

प्रति,
माननीय संपादक,

स.न.वि.वि.

आपल्यातलाच एखादा खेळाडू नाव काढतो, तेव्हा त्याचे काहीतरी कायमचे स्मारक व्हावे असे सगळ्यांनाच वाटते. पुतळा उभा राहतो किंवा रस्त्याला नाव दिले जाते. त्याऐवजी त्याच्या नावाने लोकांनी मिळून लावलेली आणि लोकांनीच राखलेली बाग करावी, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. मी स्वतः एका सामुदायिक बागेत वाफा सांभाळतो, म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले.

खेळाडूचा गौरव झाडाने करण्याची रीत जुनीच आहे. प्राचीन ऑलिम्पियात विजेत्याच्या डोक्यावर रानऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट चढवत. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्यांना पदकाबरोबर ओकचे रोप कुंडीत दिले गेले. ती स्पर्धा भरवणाऱ्या राजवटीबद्दल आदर वाटावा असे काहीच नाही, पण त्या रोपांतली काही खेळाडूंनी जपून घरी नेली. 1500 मीटरची शर्यत विश्वविक्रमी वेळेत जिंकणारे न्यूझीलंडचे जॅक लव्हलॉक यांचे रोप टिमारू येथील त्यांच्या जुन्या शाळेच्या आवारात लावले गेले. लव्हलॉक 1949 मध्ये, वयाच्या चाळिशीच्या आतच गेले. झाड मात्र वाढले, कारण त्याला वेळेवर पाणी घालणारे कोणीतरी होते. ज्यांनी लव्हलॉक यांना धावताना कधी पाहिले नाही, अशा मुलांच्या कितीतरी पिढ्या त्याच्या सावलीतून गेल्या.

अशी बाग करायची तर पाटी आणि उद्घाटन शेवटी ठेवावे. आधी जागेचा लेखी करार हवा, तोही काही वर्षांचा. तोंडी परवानगीवर लावलेली बाग जागेच्या मालकाचे मन बदलले की उखडली जाते. दुसरे म्हणजे पाणी. नळ किंवा टाकी वाफ्यापासून लांब असेल तर पहिल्या कडक उन्हाळ्यातच माणसे झारी उचलायचा कंटाळा करू लागतात, आणि मग रोपे जातात.

मैदानाच्या कडेची जागा बहुतेक ठिकाणी सुचवली जाते आणि ती शोभतेही. पण वर्षानुवर्षे पायांखाली तुडवलेली ती माती दगडासारखी घट्ट झालेली असते. कुदळ मारली तर वरच्यावर उसळते, पाऊस पडला की पाणी मुरत नाही, तसेच साचून राहते. अशा जमिनीत खड्डा काढून थेट रोप खोचले तर मुळे त्या खड्ड्यातच घुटमळतात. आधी फूटभर खोल खणून ढेकळे फोडावीत, कुजलेले कंपोस्ट खत मिसळावे, वर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे आणि माती काही आठवडे तशीच राहू द्यावी. पूर्वी तिथे इमारत असेल तर भाज्या लावण्यापूर्वी माती तपासून घ्यावीच, कारण जुन्या रंगातले शिसे मातीत उतरलेले असू शकते. भाज्यांना दिवसाचे सहा तास तरी ऊन मिळायला हवे. काही वाफे उंच बांधले आणि वाटा रुंद ठेवल्या, तर गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसालाही हात मातीत घालता येतो.

आणि त्या खेळाडूचे काय? बागेत पाऊल टाकल्याबरोबर तो कोण होता हे कळले पाहिजे. धावपटू असेल तर कडेने मोजून 100 मीटरची सरळ वाट आखावी. मुले तिथे न सांगता धावतील. फलकावर विशेषणांपेक्षा कामगिरी लिहावी: कोणती स्पर्धा, कोणते वर्ष, किती वेळ किंवा किती गुण. त्याला घडवणाऱ्या प्रशिक्षकाचे आणि मैदान राखणाऱ्या माणसाचेही नाव तिथे असावे, ती नावे एरवी कुठेच कोरली जात नाहीत. खेळाडू हयात असेल तर त्याला आधी विचारावे, नसेल तर घरच्यांना. सन्मान जिवंतपणी झाला तर पहिले रोप तो स्वतःच्या हाताने लावेल, याहून मोठा आनंद कोणता?

बागेची खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी असते. पहिल्या वर्षी उत्साह असतो, पुढे तण माजते आणि येणारे हात कमी होतात. म्हणून पाणी घालण्याच्या पाळ्या पहिल्याच बैठकीत वाटून घ्याव्यात आणि त्याच मैदानावर सराव करणाऱ्या मुलांकडेही काही वाफे सोपवावेत. सराव संपल्यावर एक आळे नीट करून घरी जाणारी मुलगी त्या खेळाडूचे नाव जन्मभर विसरणार नाही.

आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती आहे. अशा बागेच्या उद्घाटनाची बातमी जरूर छापावी, पण तिथे पाणी कोण घालणार आणि जागा किती वर्षांसाठी मिळाली आहे, हेही त्याच बातमीत विचारावे. आणि वर्षभराने, ऐन उन्हाळ्यात, आपला छायाचित्रकार पुन्हा तिथे पाठवावा.

आपला,
एक वाचक