ताई, तो आवाज मी लपवला होता

चि. ताईस,
आप्पाचे अनेक आशीर्वाद.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण तुझा फोन आला की तुझी आई स्पीकर लावते आणि शेजारीच बसते. तिच्यासमोर हे बोलायची माझी छाती नाही. (छातीचं तर विचारूच नको.)

परवा तू नाशिकच्या डॉक्टरांना फार बोललीस म्हणे. बायपास नीट केली असती तर दीड महिन्यात छाती पुन्हा उघडावी लागली असती का, वगैरे. आता खरं काय झालं ते वाच.

बायपासला छातीचं मधलं हाड वरपासून खालपर्यंत उभं कापतात. काम झालं की दोन्ही भाग जवळ आणून स्टीलच्या तारांनी आवळतात. ते सांधायला साधारण तीन महिने लागतात. तोवर सगळा भरवसा तारांवर. घरी सोडताना नर्सबाईंनी बजावलं होतं, दोन-तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही, हातांवर जोर देऊन खाटेवरून उठायचं नाही, खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. मी मान डोलावली.

घरी आल्यावर अठराव्या दिवशी केळीची गाडी भरायची होती. मजूर दोनच आले आणि ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता. बांधावर एक घड राहिला होता, वीस-बावीस किलोचा. चाळीस वर्षांची सवय गं, आधी हात गेला, मग आठवलं.

त्या रात्री कुशीवर वळताना छातीत टक् झालं. सकाळी खोकताना पुन्हा. हात ठेवला तर आत दोन कडा एकमेकींवर घासताहेत असं लागलं. आईच्याही कानावर गेलं. ‘तुमना छातीम्हा काय वाजस हो?’ मी म्हटलं, खाट वाजतेय. तू रोज रात्री विचारायचीस, मी मजेत आहे म्हणायचो. असे नऊ दिवस काढले. दहाव्या दिवशी बनियन पिवळट पाण्यानं भिजलं आणि रात्री हुडहुडी भरून ताप आला. मग काकानं गाडी काढली. धुळे, मालेगाव, चांदवड, प्रत्येक गतिरोधकाला मी उशी आवळून बसलेला.

डॉक्टर म्हणाले, एकट्या घडाला दोष देऊ नका. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर 9.4 होती, म्हणजे फारच जास्त. हृदयाला जोडलेली एक नस छातीच्या आतूनच घेतात, त्यामुळे हाडाचा रक्तपुरवठा तसाही कमी होतो, आणि साखर असली की भरणं आणखी लांबतं. वर माझा खोकला. बिडी दिवाळीलाच सोडली असं तुला सांगितलं होतं ना, ते खोटं. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यापर्यंत चालू होती. प्रत्येक ढासेला तारा हाडात रुतत गेल्या, ओल्या साबणातून दोरा जावा तशा. मग जंतूंना वाट मिळाली.

दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा तारा काढल्या, मेलेलं हाड खरवडलं, पू तपासायला पाठवला. लगेच शिवलं नाही. जखमेत स्पंज बसवून वरून प्लास्टिक चिकटवलं आणि एक नळी मशीनला जोडली. ते मशीन रात्रंदिवस घाण पाणी ओढायचं. दर दोन-तीन दिवसांनी स्पंज बदलायचे. तुझी आई त्या घरघरीनं झोपायची नाही. मला मात्र विहिरीवरची मोटार चालू असल्यासारखं वाटायचं, चांगली झोप लागायची.

जखम लाल, स्वच्छ दिसायला लागल्यावर प्लास्टिक सर्जन आले. उरलेलं हाड तार धरण्याजोगं नव्हतं, म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंचे छातीचे मोठे स्नायू बरगड्यांवरून सोडवून मधे आणले आणि खड्डा भरला. मी विचारलं, जागा बदलल्यावर मांस जगेल कसं? ते म्हणाले, त्याची रक्ताची नळी खांद्याकडून येते, ती तोडलेली नाही. मला पटलं. ठिबकची नळी न तोडता रोप सरकवलं तर ते सुकत नाही. त्या स्नायूतलं रक्त जंतूंशीही लढतं म्हणे. 1980 च्या सुमारास अमेरिकेतल्या सर्जननी ही रीत रुळवली, त्याआधी असे बरेच पेशंट दगावायचे. हे ऐकून घाम फुटला. हाडामागं लगेच हृदयच असतं ना.

आता नळ्या निघाल्यात. अँटिबायोटिक मिळून सहा आठवडे चालणार आहे. मधे हाड सलग नाही, जोरात खोकलं की तिथली जागा जरा हलते. हातात पूर्वीचा जोर येईल का ठाऊक नाही, घड मात्र आता दुसऱ्यानं उचलायचा. साखर रोज सकाळी वहीत लिहितो, वही आईच्या ताब्यात आहे. बिडी बंद आहे. या वेळी खरंच.

आईला घडाचं माहीत नाही. सांगायचं तर तूच सांग, मी समोर नसताना.

आणि डॉक्टरांना एक फोन कर. ते माझ्यासाठी रात्री अकराला आले होते, आणि तुझं बोलणं ऐकूनही घडाची चुगली त्यांनी केली नाही, कारण मी त्यांना तशी गळ घातली होती.

आखाजीला ये. निंबाला झोका काका बांधेल, दोर मी खालून धरायचाही नाही असं ठरलंय.

तुझा
आप्पा