पदवी इंग्रजीत, नोकरी जर्मनमध्ये

मा. संपादक,

पुण्या-मुंबईतून आणि आता सांगली, कोल्हापूर, नाशिकमधूनही मास्टर्ससाठी जर्मनीला जाणाऱ्या इंजिनिअर मुलांची रीघ लागली आहे. पालकांना एपीएस प्रमाणपत्र (भारतीय पदव्यांची जर्मन दूतावासाकडून होणारी पडताळणी), ब्लॉक्ड अकाउंटमधले (वर्षाच्या खर्चासाठी आधी भरून ठेवायचे, दरमहा थोडे मिळणारे) ११,९०४ युरो, व्हिसाची अपॉइंटमेंट हे सगळे तोंडपाठ असते. पुढे नोकरी कशी लागणार, असे विचारले की मात्र ‘दीड वर्ष मिळतं की!’ एवढ्यावर भागवले जाते.

ते दीड वर्ष नीट समजून घ्यायला हवे. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी जास्तीत जास्त १८ महिन्यांचा निवास परवाना मिळतो आणि त्या काळात कोणतेही काम करता येते. पण तो पुढे वाढवून मिळत नाही. अर्ज करताना राहण्या-खाण्याची सोय दाखवावी लागते. अंतिम निकाल हातात पडला की विद्यार्थी म्हणून मिळणाऱ्या सवलती एकेक करून जातात. स्वस्त आरोग्यविमा संपून हप्ता वाढतो, आणि ‘वर्किंग स्टुडंट’ (शिकता शिकता अर्धवेळ काम करणारा) म्हणून धरलेली नोकरी त्या सवलतीत चालू ठेवता येत नाही. म्हणजे खर्च वाढतो नेमका तेव्हाच मिळकत आटते. मोठ्या शहरांत परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची अपॉइंटमेंट मिळायला महिने जातात, म्हणून जुना परवाना संपण्याआधीच अर्ज दाखल करून तात्पुरता दाखला घ्यायला हवा.

त्यामुळे नोकरीचा शोध पदवीनंतर नव्हे, दुसऱ्या सत्रातच सुरू व्हायला हवा. कायद्याने विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच्या कामाचे अडीच दिवस धरले जातात, म्हणजे नियम पाळून वर्षभर काम करता येते. हे तास पिझ्झा पोचवण्यात घालवायचे की आपल्या विषयातल्या कंपनीत, यावर पुढचे बरेच ठरते. घरभाड्यासाठी पहिले काही महिने मिळेल ते काम करावे लागते, त्यात कमीपणा काही नाही. पण दुसऱ्या वर्षीही तेच चालू असेल तर बायोडेटा कोराच राहतो. सहा महिन्यांचा प्रबंध कंपनीत करता येतो, आणि तो आत शिरण्याचा उत्तम मार्ग आहे. त्यासाठी चार-सहा महिने आधी शोध सुरू करावा. कंपनीने विषय दिला तरी तो प्राध्यापकाने मान्य करावा लागतो. तिथे गाडी अडते, म्हणून करारावर सही करण्याआधी त्यांच्याशी बोलून घ्यावे.

सगळ्यात मोठी अडचण मात्र भाषेची. अभ्यासक्रम इंग्रजीत असल्यामुळे जर्मन नंतर बघू, असे ठरते आणि तिथे गेल्यावर असाइनमेंट, परीक्षा आणि पार्टटाइम काम यांत ती राहून जाते. सॉफ्टवेअरमध्ये आणि बर्लिनसारख्या शहरात इंग्रजीवर निभावणाऱ्या नोकऱ्या आहेत, पण त्यांच्यासाठी जगभरची मुले रांगेत असतात. यंत्रे, बांधकाम, वीज, उत्पादन या क्षेत्रांतल्या बहुतेक कंपन्या मध्यम आकाराच्या आणि लहान गावांत आहेत. तिथे कामगारांशी, पुरवठादाराशी, ग्राहकाशी जर्मनमध्येच बोलावे लागते. भाषेच्या पातळ्या ए१ पासून सी२ पर्यंत सहा; शून्यापासून तिसऱ्या, म्हणजे बी१ पर्यंत साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात. एपीएस आणि व्हिसाची वाट पाहण्यात जे महिने जातात, त्यात पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या मॅक्सम्युलर भवनात किंवा इतर चांगल्या क्लासमध्ये निदान बी१ उरकावे. बी२ तिथे दुसऱ्या वर्षापर्यंत. कन्सल्टंटची फी भरताना हात आखडत नाही आणि भाषेच्या फीला आखडतो, हे उलटे आहे.

कागदपत्रांचेही तसेच. इकडच्या कंपनीतून बाहेर पडताना मिळणारे ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कामावर होते’ असे दोन ओळींचे पत्र तिथे उपयोगाचे नाही. कोणती कामे केली, कोणती साधने वापरली, काम कसे होते, हे लिहिलेले पत्र तिथे मागतात. ते राजीनामा देतानाच एचआरकडून लिहून घ्यावे. दोन वर्षांनी ईमेल करून मिळत नाही. गुणही जर्मन पद्धतीत लिहावेत, कारण तिथे १.० सर्वोत्तम आणि ४.० उत्तीर्णाची सीमा. दहापैकी ८.२ सीजीपीए आणि उत्तीर्णाची मर्यादा ४ असेल, तर प्रचलित सूत्राने ते १.९ होते. नुसते ८.२ लिहिले तर वाचणाऱ्याला काही बोध होत नाही.

वाहन उद्योगाकडे डोळे लावून बसलेल्यांनी बातम्याही वाचाव्यात. फोक्सवागन २०३० पर्यंत ३५,००० जागा कमी करणार आहे, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या बॉशने २०२५ मध्ये आणखी १३,००० जागांची कपात जाहीर केली, त्याच क्षेत्रातल्या झेडएफनेही जर्मनीत १४,००० पर्यंत जागा कमी करण्याचे जाहीर केले आहे. चाकणमुळे ही नावे आपल्या ओळखीची, म्हणून विषय निवडताना मोह होतो. रेल्वे, वीजवाहिन्यांचे जाळे, इमारतींची यंत्रणा, वैद्यकीय उपकरणे इकडेही तेच मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलचे ज्ञान चालते.

पगाराचा आकडाही आधी माहीत असावा. २०२६ साठी ब्लू कार्डची (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या निवास परवान्याची) किमान पगाराची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला ५०,७०० युरो आहे. पदवी मिळून तीन वर्षे झाली नसतील तर ४५,९३४ युरो २० सेंट. त्याहून कमी पगाराची ऑफर आली तर ती लगेच नाकारू नये. पदवीशी सुसंगत काम आणि स्थानिकांच्या बरोबरीचा पगार असेल तर कुशल कामगाराचा साधा परवाना मिळू शकतो. जर्मनीतच शिकलेल्याला त्यावर दोन वर्षांनी, पेन्शनचे हप्ते आणि बी१ जर्मन असेल तर, कायम निवासाचा अर्जही करता येतो.

हे आकडे दर जानेवारीत बदलतात. प्रवेशाच्या जाहिराती छापल्या जातात तशी, आपल्या शैक्षणिक पुरवणीत वर्षाच्या सुरुवातीला या मर्यादांची एक चौकटही छापावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे