जागा अपुरी आहे

संपादक यांस,
स. न. वि. वि.

कोरोनाच्या साथीने जग कसे फोनवर आणले, शाळा, दवाखाने, बँका कशा घरबसल्या मिळू लागल्या, हे आता सगळीकडे कौतुकाने लिहिले जाते. कौतुक खरे आहे. पण मी शिक्षिका आहे, आणि त्या काळात माझा वर्ग ज्या पडद्यावर भरायचा त्याच्या पलीकडे काय चालले होते, ते मी जवळून पाहिले. म्हणून हे पत्र.

शाळा बंद झाल्या आणि थोड्याच दिवसांत आम्हाला एक ॲप वापरायला सांगितले. पाचवीतल्या एका मुलीचा मला फोन आला. फोन तिच्या वडिलांचा. ते संध्याकाळी कामावरून आले की आधी धाकट्या भावाची पाळी, मग हिची. ॲप घ्यायला गेले की पडद्यावर एकच ओळ यायची: ‘जागा अपुरी आहे’. काय काय काढून टाकता येईल ते मी तिला एकेक करून सांगत गेले. गाणी काढली, एक खेळ होता तो काढला, लग्नातले व्हिडिओ काढले. तरी ओळ तीच. शेवटी ती म्हणाली, “बाई, आता नुसते आजीचे फोटो राहिलेत. काढू?” आजी जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. मी नको म्हटले. मग तिचा वर्ग रोज रात्री आठला साध्या फोनवर भरू लागला. मी गणित बोलून सांगायचे, ती वहीत उतरवून घ्यायची आणि आकडा चुकला की आम्ही दोघी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायचो.

युनिसेफने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितले होते की शाळा बंद असताना जगातल्या किमान ४६ कोटी ३० लाख मुलांपर्यंत दूरशिक्षण पोहोचूच शकले नाही. त्या वर्षाच्या शेवटी युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मिळून दुसरा आकडा मांडला: ३ ते १७ वयाच्या दर तीन मुलांपैकी दोघांच्या घरी इंटरनेट नव्हते. माझी विद्यार्थिनी या दुसऱ्या हिशेबात धरली जाणार नाही. तिच्या घरी फोन होता, नेटही होते. कागदोपत्री ती ‘जोडलेली’च. अशी जोडलेली आणि तरी दाराबाहेर राहिलेली माणसे मोजायची कशी, हे मला अजून कळलेले नाही.

तंत्रज्ञान कंपन्यांनी तेव्हा मदत केली नाही, असे मी म्हणणार नाही. झूमने अनेक देशांतल्या शाळांसाठी चाळीस मिनिटांची मर्यादा उठवली, त्यामुळे किती तरी वर्ग चालू राहिले. केनियात सफारीकॉम या मोबाइल कंपनीने एम-पेसा या फोनवरून पैसे पाठवायच्या आपल्या सेवेतले छोट्या रकमांचे शुल्क मार्च २०२० मध्ये माफ केले. नोटांना हात लावायची भीती वाटण्याच्या दिवसांत रोजंदारीवर जगणाऱ्यांना त्याचा फार आधार झाला. आधी तीन महिन्यांसाठी असलेली ही सवलत वर्षअखेरीपर्यंत चालली, आणि मग संपली. त्याच केनियात गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिच्या लून कंपनीने जुलै २०२० मध्ये उंच आकाशातल्या फुग्यांवरून इंटरनेट द्यायला सुरुवात केली. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीच बंद करत असल्याचे जाहीर झाले. खर्चाचे गणित बसले नाही, हे मी समजू शकते. पण ज्याने त्या आधारावर काही उभे करायला घेतले असेल, त्याला हे कोण समजावणार?

माझे म्हणणे एवढेच आहे. संकटात दिलेल्या सवलतीला शेवटची तारीख असते. सावरायला माणसाला लागणारा वेळ त्या तारखेत बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे सांगितले. ज्या घरातला कमावता गेला, ज्या मुलाची दोन वर्षे वाया गेली, त्यांची आणीबाणी त्या दिवशी संपली नाही. कंपन्यांना सर्वांना बरोबर घ्यायचे असेल, तर त्यांनी सवलती कमी जाहीर कराव्यात आणि सगळ्यात खालची पायरी कायमची पक्की करावी.

खालची पायरी म्हणजे काय, ते टोगो या छोट्या आफ्रिकी देशात दिसले. तिथल्या सरकारने एप्रिल २०२० मध्ये ‘नोविसी’ नावाची मदत योजना काढली. स्मार्टफोन नको, इंटरनेट नको, रांग नको. साध्या बटणांच्या फोनवरून एक कोड लावायचा आणि मतदार ओळखपत्राचा क्रमांक द्यायचा. पात्र असाल तर पैसे थेट फोनमधल्या खात्यात, आणि बायकांना पुरुषांपेक्षा थोडे जास्त. ज्याच्याकडे ते ओळखपत्रच नव्हते तो मात्र राहिला; ही त्रुटी लहान नाही. पण यात जे तंत्र वापरले ते मोबाइल कंपन्यांकडे कित्येक वर्षे पडून होते. नवे काही शोधावे लागले नाही. सगळ्यात साधा फोन धरून विचार सुरू केला, इतकेच.

आपल्याकडे येतात ती बहुतेक ॲप्स बनवणाऱ्याच्या हातात नवा फोन असतो. गेल्या महिन्यात आमच्या शाळेसाठी आणखी एक नवे ॲप आले. तीच मुलगी आता दहावीत आहे आणि वडिलांचा फोन अजून तोच, काच तडकलेला. या वेळी ओळ बदलली होती: ‘हे ॲप तुमच्या फोनवर चालणार नाही’. आजीचे फोटो काढूनही आता उपयोग नाही. ॲपची हलकी आवृत्ती ठेवणे, ती जुन्या फोनवर वर्षानुवर्षे चालू राहील हे पाहणे, नेट गेले तरी धडा उघडेल अशी सोय करणे, यात कंपनीच्या नावाचा गाजावाजा होत नाही. म्हणूनच बहुधा हे काम मागे पडते.

दुसरी गोष्ट माझ्या एका सहकारी बाईंची. त्यांना कमी ऐकू येते. समोरच्याचे ओठ पाहून त्या सगळे समजून घ्यायच्या. आधी तोंडावर मास्क आले, मग बैठका पडद्यावर गेल्या आणि चेहरे टपाल तिकिटाएवढे झाले. बोलणे लिहून दाखवणारी कॅप्शनची सोय होती, पण आम्ही वापरायचो त्या सेवेत त्यासाठी वेगळे पैसे पडत. कित्येक बैठकांत त्या नुसत्या मान हलवत बसून राहिल्या, आणि आमच्या लक्षातही आले नाही. पुढे काही कंपन्यांनी ही सोय सर्वांना मोफत केली. झूमने २०२१ मध्ये केली, तीही लोकांनी लावून धरल्यावर. जगात दर सहा माणसांमागे एकाला लक्षणीय अपंगत्व आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. इतक्या माणसांची गरज जादा पैसे भरून घ्यायच्या यादीत का असावी?

नोकऱ्यांबद्दलही लिहायला हवे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या हिशेबाने २०२० मध्ये जगात स्त्रियांचा रोजगार ५ टक्क्यांनी घटला, पुरुषांचा ३.९ टक्क्यांनी. शाळा बंद, घरात आजारी माणूस, मग काम सोडले ते बहुतेक घरांत बाईनेच. आता ती परत अर्ज करते तेव्हा पहिली चाळण सॉफ्टवेअर लावते. सहा महिन्यांहून जास्त खंड दिसला की अर्ज बाजूला, अशी अट त्यात घालता येते. तो खंड कशाने पडला हे विचारायला तिथे कुणीच नसते. ही सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांनी निदान ही एक अट काढून टाकावी. त्याला ना निधी लागतो ना समारंभ.

आणि कंपन्यांनी आपली प्रणाली खुली ठेवावी, म्हणजे ती कुणालाही वापरता येईल, गरजेप्रमाणे बदलता येईल. ऑस्लो विद्यापीठात वाढलेली ‘डीएचआयएस-२’ ही आरोग्य नोंदींची खुली प्रणाली श्रीलंकेने २०२० च्या सुरुवातीलाच कोरोनासाठी बेतून घेतली आणि मग इतर अनेक देशांनी तीच उचलली. कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागली नाही.

शेवटी एक विनंती आपल्यालाही. एखादी कंपनी ‘सर्वांसाठी मोफत’ असे काही जाहीर करते तेव्हा बातमीत दोन ओळी जास्त द्याव्यात: हे कोणत्या तारखेपर्यंत आहे, आणि किती जुन्या फोनवर चालेल. कंपनीने उत्तर दिले नाही तर तेही छापावे. आम्ही शिक्षक बातमी वाचूनच मुलांना सांगतो, आणि मुले त्यासाठी फोनमधले काय काय काढून टाकतात ते आम्हाला माहीत आहे.

आपली नम्र,
एक शिक्षिका