ताई, तुम्ही आधी क्लिप मागितलीत

ताई, सप्रेम नमस्कार.

लग्नसराईचं शेवटचं काम काल पार्टीच्या हातात दिलं. तुमचे आभार आता नाही मानले तर पुन्हा राहून जाईल.

व्हिडिओ एडिटिंगच्या प्रोफेशनल कामाला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, हे मी दिसेल त्याला विचारत होतो. क्लासवाल्यांनी ते शिकवतात तेच सांगितलं. एका दुकानदाराने महागडं ग्राफिक कार्ड गळ्यात मारलं, तरी टाइमलाइन, म्हणजे क्लिप्स रचायची पट्टी, चालवताना अडकायची ती अडकतच राहिली. बाकीचे म्हणाले, क्रॅक केलेली चोरीची कॉपी टाक, कोण बघतंय! माझं काम काय, फुटेज कुठल्या कॅमेऱ्याचं, हे विचारावंसं एकालाही वाटलं नाही. राग त्याचा येतो.

तुम्ही म्हणालात, "सगळ्यात जास्त छळणारी क्लिप पाठव." मी हळदीची पाठवली. उत्तरादाखल दाविंची रिझॉल्व या एडिटिंग सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल आली. टाइमलाइनवर जागोजागी मार्कर, म्हणजे खुणा, प्रत्येकात मराठीत टीप. "हे फुटेज १०-बिट ४:२:२, एच.२६५ या जड फॉरमॅटमध्ये आहे. तुझं कार्ड हे डिकोडच करत नाही, म्हणजे उलगडतच नाही. ती सोय तुझ्या इंटेलच्या प्रोसेसरमध्ये आहे. नवीन मशीन घेऊ नकोस." आणि नवरीची आई पदराने डोळे पुसते तिथे पिवळा मार्कर: "इथे घाईने कापू नकोस, शॉट अजून दोन सेकंद राहू दे."

ताई, ते वाचून मला भरून आलं. ओळख ना पाळख, तरी तुम्ही माझी क्लिप शेवटपर्यंत पाहिली होतीत.

सॉफ्टवेअरचं त्यानंतर बोललात. फुटेज डीएनएक्सएचआर या एडिटिंगला सोप्या फॉरमॅटमध्ये बदलून फुकटच्या रिझॉल्ववर हात बसव. काम वाढलं की रिझॉल्वची विकतची आवृत्ती, स्टुडिओ, घे, २९५ डॉलर एकदाच, मग प्रोसेसरची ती सोयही वापरता येईल. एडियस या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षं लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्यांना तुम्ही नावं ठेवली नाहीत. समोरची टीम प्रीमियरवर असेल तर तुलाही प्रीमियरच घ्यावं लागेल, हेही स्पष्ट सांगितलंत. फीचं विचारलं तर विषयच बदललात.

आपल्या धंद्यात माणसं साधं सेटिंगसुद्धा लपवून ठेवतात. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून लहान गावातला एडिटर टिकतो.

स्टुडिओचं लायसन्स या महिन्यात घेतोय. तुमची फाइल मात्र मार्करांसकट तशीच ठेवली आहे; हाताखाली आलेल्या पोराला तीच उघडून शिकवतो.

तुमचा ऋणी,
हळदीच्या क्लिपवाला