आरोग्यमंत्री साहेब, गाठ नाही हो, थरथर आहे!

नमस्कार साहेब,

आमच्या अण्णांचा फॉर्म तिसऱ्यांदा परत आला, सही जुळत नाही म्हणे. आता ज्या माणसाचा उजवा हात कंपवाताने सतत हलतोय त्याची सही जुळणार कशी, आणि फॉर्म कशाचा तर त्याच हाताच्या उपचाराला मदत मिळावी म्हणून! असो, अंगठा दिला आम्ही. खरी गोची पुढच्या रकान्यात आहे, तिथे रेडिओसर्जरीपुढे (म्हणजे चिरफाड न करता नेमक्या किरणांनी करायचा उपचार) विचारलंय की गाठ कुठल्या प्रकारची. अहो, गाठ नाहीच आहे.

गंमत म्हणजे लार्स लेक्सेल या स्वीडिश न्यूरोसर्जननी 1951 मध्ये रेडिओसर्जरी हा शब्द आणला आणि पुढे गॅमा नाइफ मशीन बनवलं ते मुळात अशाच कामासाठी, म्हणजे कवटी न उघडता मेंदूतला एक बारीक ठिपका निकामी करून वेदना किंवा हालचालीचे विकार कमी करायचे. गाठींसाठी ते जोरात वापरलं गेलं नंतर. फॉर्म बनवणाऱ्याला फक्त नंतरचं माहीत असावं.

अण्णांना गोळ्यांनी चालणं सुधारलं पण थरथर काही हटली नाही. मेंदूत तारा बसवतात ते डीबीएस विचारलं, तर हृदयासाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत आणि त्या थांबवणं धोक्याचं, शिवाय वय, त्यामुळे डॉक्टर नको म्हणाले. अशा माणसांसाठीच हा पर्याय आहे. किरणोत्सारी कोबाल्टचे 192 किरण (जुन्या मशीनमध्ये 201) वेगवेगळ्या दिशांनी येतात, एकेकटा किरण दुबळा, पण सगळे थॅलॅमस या मेंदूतल्या खोल भागाच्या एका बिंदूवर भेटतात आणि तिथे साधारण 130 ते 150 ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) डोस पडतो, तोही एकाच बैठकीत, पेशंट जागा असताना. उजव्या हातासाठी डावी बाजू.

पण साहेब, "टाका नाही, त्याच दिवशी घरी" अशा जाहिराती बघून माझं डोकं फिरतं, कारण घरी येताना हात तसाच हलत असतो! फरक पडायला आठवडे नव्हे, महिने जातात, कधीकधी वर्षसुद्धा, आणि काहींना पडतच नाही. फक्त थरथर कमी होते, ताठरपणा, मंदपणा, तोल जाणं तसंच राहतं, आणि आजार आपल्या गतीने पुढे जातच असतो. डीबीएसमध्ये करंट कमीजास्त करता येतो, इथे एकदा झालं की झालं. तो बिंदू साध्या एमआरआयवर नीट दिसतही नाही, मोजमापावरून ठरवावा लागतो, म्हणून सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि फिजिसिस्ट तिघेही मुरलेले लागतात. थोड्या पेशंटना नंतर सूज येऊन हातपाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, बधिरपणा असलं काही होतं. मोठ्या रँडमाइज्ड ट्रायलचा (चिठ्ठी टाकल्यासारखे पेशंटचे गट पाडून केलेल्या तुलनेचा) पाठिंबाही याला नाही, हे मी लपवत नाही.

म्हणून सरसकट सगळ्यांना द्या असं मी म्हणतच नाहीये. ज्यांना ऑपरेशन झेपणार नाही आणि गोळ्यांनी थरथर आटोक्यात येत नाही त्यांच्यासाठी रकाना द्या, डीबीएस आणि फोकस्ड अल्ट्रासाऊंड (ध्वनिलहरींनी तसाच बिंदू निकामी करणं) आधी विचारात घेतलं का ते डॉक्टरांना लिहायला लावा, महिन्यांनी फरक पडतो हे पेशंटला त्याच्या भाषेत लेखी द्या आणि निदान दोन वर्षं एमआरआयसकट फॉलोअप मदतीतच धरा, कारण त्रास झाला तर तो उशिरा होतो आणि तोवर फाईल बंद झालेली असते.

आणि हो, मशीनच्या उद्घाटनाला जाल तेव्हा कोबाल्ट बदलायची तरतूद केली का तेही विचारा. दर 5.27 वर्षांनी त्याची ताकद निम्मी होते, म्हणजे तेवढ्याच डोसला पेशंट दुप्पट वेळ डोकं धरून ठेवणाऱ्या फ्रेममध्ये अडकून.

अण्णांचा फॉर्म चौथ्यांदा पाठवतोय. गाठीच्या रकान्यात "लागू नाही" लिहिलंय, शेजारी अंगठा आहे.

आपला,
अण्णांचा मुलगा